फ्लिंकचे चेकपॉइंट रखडतायत? टाइमआउट वाढवण्याआधी थ्रेड पूल बघा

फ्लिंक ही सतत वाहत्या डेटावर प्रक्रिया करणारी प्रणाली; तिच्या स्थितीची ठरावीक वेळाने साठवलेली प्रत म्हणजे चेकपॉइंट. तो १० मिनिटांच्या डिफॉल्ट टाइमआउटला धडकला की बहुतेक टीम तो ३० करून मोकळ्या होतात. त्याने अलार्म उशिरा वाजतो, एवढंच.

आधी वेब यूआयमध्ये सबटास्कचे (कामाच्या समांतर तुकड्यांचे) आकडे उघडा: स्टार्ट डिले (बॅरिअर, म्हणजे चेकपॉइंटची डेटाबरोबर वाहणारी खूण, पोचायला लागलेला वेळ), अलाइनमेंट (सगळ्या इनपुटमधले बॅरिअर यायची वाट), सिंक (प्रत घेणं), असिंक (ती मागच्या बाजूला अपलोड करणं). या चारांची बेरीज काही सेकंद आणि एंड-टू-एंड मात्र कित्येक मिनिटं, असं दिसलं तर टास्कमॅनेजरला (सबटास्क चालवणाऱ्या प्रोसेसला) दोष देऊ नका. सबटास्कनी काम संपवून अ‍ॅक पाठवलेला असतो. ही पोचपावती जॉबमॅनेजरच्या (समन्वय करणाऱ्या प्रोसेसच्या) आयओ पूलच्या, म्हणजे थ्रेडच्या गटाच्या, रांगेत पडून असते. जुन्या चेकपॉइंटच्या फाइली डिलीट करायचं कामही त्याच पूलकडे. आकार डिफॉल्टने कोअरइतका, म्हणजे १ सीपीयूच्या पॉडला १ थ्रेड. एस-थ्रीवर (अॅमेझॉनच्या क्लाउड साठवणीवर) हजारो बारक्या फाइली पुसायच्या असतील तर तो तिथेच गुंततो. जेस्टॅक (कुठला थ्रेड काय करतोय ते दाखवणाऱ्या जावाच्या साधनाचं आउटपुट) घ्या. ‘जॉबमॅनेजर-आयओ-थ्रेड’ नावाचे सगळे थ्रेड डिलीटच्या कॉलखाली सॉकेट रीडमध्ये अडकलेले दिसले की निदान झालं. जॉबमॅनेजर.आयओ-पूल.साइज वाढवा, दोन चेकपॉइंटमध्ये किमान अंतर ठेवा (डिफॉल्ट ० आहे!), आणि मुळात एवढ्या फाइली का तयार होतात तेही बघा.

दुसरी चूक: काहीही झालं की अनअलाइन्ड चेकपॉइंट चालू करणं. १.११ पासूनची ही सोय बॅकप्रेशरमुळे (पुढचा टप्पा हळू पडून मागे डेटा तुंबल्यामुळे) अडलेल्या बॅरिअरसाठी आहे. वेळ असिंकमध्ये जात असेल तर उलट वाटेतला डेटाही अपलोड करावा लागतो.

स्टार्ट डिले फुगला असेल तर स्वतःचा कोड तपासा. असिंक-इन्व्होकमध्ये (बाहेरच्या सेवेला विचारणा करायच्या फ्लिंकच्या मेथडमध्ये) सरळ ब्लॉकिंग, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबणारा, जेडीबीसी (डेटाबेसचा) कॉल केलेला मी फार वेळा पाहिलाय. नावात असिंक असलं तरी ती मेथड टास्कच्या मुख्य थ्रेडवरच चालते. तो अडकला की बॅरिअरही थांबतो. जावाच्या सप्लाय-असिंकला एक्झिक्युटर (स्वतःचा थ्रेड पूल) न देणंही तसंच: ४ कोअरवर अख्ख्या जेव्हीएमच्या वाट्याला कॉमन पूलचे ३ थ्रेड. वेगळा पूल द्या.

असिंक फेज लांबली तर रॉक्सडीबीचे (स्टेट साठवणाऱ्या डेटाबेसचे) ट्रान्सफर थ्रेड वाढवता येतात, पण डिफॉल्ट ४ हा आकडा प्रत्येक स्टेटफुल ऑपरेटरमागे आहे. सरसकट ३२ केले की एस-थ्रीची एका प्रीफिक्समागची (पाथच्या सुरुवातीच्या भागामागची) सेकंदाला ३,५०० राइट-डिलीटची पातळी ओलांडली जाऊ शकते आणि ५०३ (‘वेग कमी करा’ अशा एरर) यायला लागतात. दुपटीने वाढवत जा, आणि चेकपॉइंटच्या पाथमध्ये एंट्रॉपी (कुठलीही रँडम अक्षरं) घाला.