निळी बत्ती बसवून मागणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

नागपुरात मानेवाडा रिंग रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, हेच काम. पावसाळा तोंडावर आला की दोन-चार पोरं हमखास येतात. "भाऊ, आम्ही रेस्क्यूचं काम करतो, गाडीवर निळी बत्ती बसवून द्या ना." मी स्वतः आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं, बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून त्यांना वाटतं हा माणूस आपलाच, नाही कशाला म्हणेल. मी नाहीच म्हणतो. का म्हणतो आणि बत्तीवाचून काम कसं निभवायचं, ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे रोज तोंडाची वाफ दवडायला नको.

नियमाचा आकडा ध्यानात ठेवायला सोपा आहे. ॲम्ब्युलन्सचा फोन १०८, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला दिव्यांचा नियमही १०८. योगायोगच, पण कामाचा. त्यातली मूळ गोष्ट अशी की गाडीने समोर लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागे लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. मागचे इंडिकेटर, रिव्हर्सचा पांढरा, नंबर प्लेटवरचा दिवा, असल्यांना सूट आहे. आता तुम्हीच बघा. ऑनलाइन मिळणारी लाल-निळी डॅश लाइट समोरच्या काचेला चिकटवली की तिथेच नियम मोडला. डिकीच्या काचेत पिवळी लुकलुकणारी स्ट्रोब लावली तरी मोडलाच. "पिवळा चालतो" असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो, पण पावती फाडायची वेळ आली की तो शेजारी उभा नसतो.

१ मे २०१७ पासून मंत्र्या-संत्र्यांच्या गाड्यांवरचीही लाल बत्ती गेली. बहुरंगी दिवा, म्हणजे लाल-निळा-पांढरा, आता तीन कामांच्या गाड्यांपुरता उरलाय. एक, आग विझवणं. दोन, पोलीस, सैन्य आणि निमलष्करी दलांचं कायदा-सुव्यवस्थेचं काम. तीन, भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ किंवा अणू, रासायनिक, जैविक दुर्घटनेत आपत्ती व्यवस्थापन. रुग्ण नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सला जांभळ्या काचेच्या लुकलुकत्या लाल दिव्याची वेगळी सोय आहे.

तिसरं काम ऐकलं की पोरांचे डोळे चमकतात. "पूर आला तर मग आपण बसतो ना भाऊ त्याच्यात?" नाही बसत. कोणत्या यंत्रणांना परवानगी, याची यादी राज्याचं परिवहन खातं काढतं. गाडीच्या समोरच्या काचेवर खात्याचं स्टिकर लागतं, आणि ड्युटी नसेल तेव्हा दिवा बंद. आपदा मित्र, होमगार्ड, नागरी संरक्षण दल, कोणतंही ओळखपत्र गळ्यात असू द्या, ते माणसाचं आहे. गाडीचा कागद म्हणजे आरसी, आणि तिच्यावर तुमची वॅगन आर खासगी म्हणूनच नोंदलेली आहे.

सायरन आणि हूटरचं तर विचारूच नका. नियम ११९ प्रमाणे सूर बदलणारा हॉर्न ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्यांनाच चालतो.

पकडलं तर काय? किरकोळ कलम लागलं तर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १५०० पर्यंत. पण गाडीत परवानगी नसलेला बदल केला म्हणून कलम १८२-अ लावलं, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बत्ती लावून सरकारी माणूस असल्याची बतावणी केली तर मामला मोटार कायद्यातून उठून भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ मध्ये जाऊन बसतो. तिथे कमीत कमी सहा महिने आहेत.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, न्यू यॉर्क राज्यात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकाला प्रमुखाच्या लेखी परवानगीने स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावता येतो, ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकाला हिरवा. खरं आहे. पण तिथेही तो दिवा म्हणजे वाट मागण्याची विनंती, सिग्नल तोडायची मुभा नव्हे. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे ऑर्डर टाकू नका.

मलाही हे शहाणपण फुकट आलं नाही. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली. मी तेव्हा हौसेने घेतलेली चुंबकवाली निळी बत्ती टपावर ठेवून डागा लेआउटकडे निघालो. एका गल्लीच्या तोंडाशी थांबलो तर वरच्या मजल्यावरच्या लोकांनी अंधारात निळं लुकलुकताना पाहिलं, बोट आली म्हणून म्हाताऱ्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. खाली कमरेएवढं पाणी. माझ्याजवळ काय होतं? दोन दोर आणि एक टॉर्च. "बोट कुठाय?" त्यांच्या मुलाने विचारलं. तिघांनी मिळून खुर्ची परत वर नेली. जिन्याच्या वळणावर आजी म्हणाल्या, "मग दिवा कशाला लावला बाबा?"

घरी येऊन बत्ती काढली. चुंबकाखालचा रंग गोल खरवडला गेला होता. वायर दाराच्या रबरात चेपून तांबं उघडं पडलं होतं. पावसात ते बॉडीला टेकलं असतं तर फ्यूज उडाला असता, आणि फ्यूज जास्त अँपिअरचा बसवलेला असता तर वायरिंगच पेटलं असतं.

आता करायचं काय ते सांगतो.

गाडीत कंपनीने दिलेला लाल त्रिकोणाचा हॅझार्डचा बटन आहे, तो आधी नीट चालू ठेवा. इंडिकेटर नेहमीपेक्षा झपाट्याने टिकटिकत असेल तर एखादा बल्ब उडालाय. होल्डरला हिरवट गंज चढला असेल तर पॉलिश पेपरने घासून घ्या, नवा बल्ब आणून उपयोग नाही. हॅझार्ड थांबलेल्या गाडीचा आहे. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून पळालात तर तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. आणि जुनी बॅटरी असेल तर इंजिन बंद ठेवून तासन् तास लावून ठेवू नका, नंतर मलाच फोन येतो.

रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीपासून पन्नासेक पावलं मागे ठेवा, वर्धा रोडसारख्या वेगाच्या रस्त्यावर त्याहून लांब. अंगात पट्ट्यांचं जॅकेट, कार्ड गळ्यात बाहेर. गाडी गल्लीच्या तोंडाशी कधीच लावू नका. फायरची गाडी आणि बोटीचा ट्रेलर तिथूनच वळतो. आधी ११२ ला फोन, मग दोर.

जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून कोणी अडवेल ही भीती असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ वाचा. मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. यासाठी बत्ती लागत नाही.

संस्थेला दिव्याची गाडी खरोखर हवी असेल तर गाडी संस्थेच्या नावावर घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात लेखी विचारा. मग ज्या मालिकेची गाडी, एमएच ३१, ४९ की ४०, त्या आरटीओत जा. परवानगी हातात पडल्यावरच माझ्याकडे या.

आणि बत्ती आधीच बसवली असेल तर सोमवार सोडून कधीही आणा. वायर मुळापासून काढतो, टपाचं भोक सीलंट भरून बुजवतो. सीलंटचे पैसे घेतो, मजुरी नाही.