उशिरा रुजणाऱ्या फुलबिया

झेंडू किंवा झिनिया पेरला की आठवड्याच्या आत मातीवर हिरवं दिसतं. त्याच हिशेबाने लोक लॅव्हेंडर पेरतात, पंधरा दिवस वाट बघतात आणि ‘बियाणंच खराब निघालं’ म्हणून कुंडी उपडी करतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या मातीत बहुधा चांगल्या जिवंत बिया असतात. त्यांना काहीतरी अडवत असतं, एवढंच. ते काय, हे पेरायच्या आधी ओळखलं की निम्मं काम झालं.

म्हणून पाकीट उघडलं की मी आधी बी तळहातावर घेते आणि नखाने दाबून बघते.

नख अजिबात रुतत नसेल, तर अडचण सालीची. कर्दळ, गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी, ल्युपिन, कमळ ही सगळी याच जातीची. साल इतकी घट्ट, की पाणी आत शिरतच नाही. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १३०० वर्षं जुनं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवलं होतं. साल किती राखते ते यावरून कळावं. कर्दळीचं काळं गोल बी तर शिशाच्या छर्‍याइतकं कडक असतं. नुसतं भिजवून त्याचं काही होत नाही. ते पक्कडीत धरायचं आणि पॉलिश पेपरवर किंवा कानशीवर एकाच जागी घासायचं. बी जिथून फळाला चिकटलेलं असतं ती बारीक खूण सोडून दुसरी बाजू घ्या. काळा थर झिजतो आणि आतला पांढरट ठिपका दिसतो. दिसला की हात थांबवा, त्याच्या आत जायचं नाही. मॉर्निंग ग्लोरीला नेलकटरचा एक हलका टवका पुरतो.

मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. सकाळी बघा: ज्यांच्या आत पाणी गेलं त्या बिया फुगून जवळजवळ दुप्पट दिसतात. त्या लगेच पेरा. ज्या होत्या तेवढ्याच राहिल्या त्या पुन्हा घासा, पुन्हा भिजवा. ही परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. स्ट्रेलिट्झियाच्या (बर्ड ऑफ पॅराडाइजच्या) बीवरचा केशरी झुपका आधी ओढून काढा, साल किंचित घासा, दोन दिवस पाणी बदलत भिजवा आणि २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा. एक ते तीन महिने लागतात, कधी जास्तही. शिवाय सगळ्या बिया एकदम येत नाहीत, त्यामुळे पहिला कोंब आला म्हणून बाकीचा ट्रे आवरून टाकू नका.

साल मऊ आहे, तरी बी उठत नाही? मग त्याला बहुधा थंडी हवी असते. लॅव्हेंडर, ॲक्विलेजिया, एकिनेशिया, प्रिम्युला यांच्या बिया निसर्गात ओल्या मातीत हिवाळा काढतात. त्या काळात त्यांच्यातलं रुजणं रोखणारं संप्रेरक कमी होत जातं. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून हे साधत नाही, त्याने बी फक्त टिकतं. थंडी ओलीच लागते. वर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं, भुसभुशीत खनिज) भिजवून मुठीत आवळा, पाण्याचा थेंब गळता कामा नये. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत भरा, नाव आणि तारीख लिहा, आणि फ्रिजच्या साध्या कप्प्यात चार-पाच अंशांवर तीन ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. दर आठवड्याला पिशवी उजेडात धरून बघायची. पांढरं मूळ दिसलं की त्याच दिवशी पेरायचं. घरात लहान मुलं असतील तर पिशवी त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. ल्युपिन, डेल्फिनियम, मॉर्निंग ग्लोरी यांच्या बिया विषारी असतात.

पिओनीला तर दोन टप्पे लागतात. आधी उबेत मूळ फुटतं, नंतर काही आठवड्यांची थंडी मिळाल्यावर कोंब. वर महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही आणि खाली काम चालू असतं.

धुळीइतकं बारीक बी असेल (बिगोनिया, पिटुनिया, लोबेलिया, लिसियांथस) तर त्यावर माती घालायचीच नाही. या बियांना उजेड लागतो. त्यांच्यातलं फायटोक्रोम नावाचं द्रव्य लाल प्रकाश टिपतं आणि मगच रुजण्याची सुरुवात होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आधी भिजवून सपाट करा. कागदाला मधोमध घडी घाला, त्यात बी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून घ्या आणि बोटाने टिचक्या मारत पसरा. वरून झारी नको, सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. ट्रे पाण्यात ठेवा, वरचा थर गडद झाला की उचला. वर पारदर्शक झाकण, आणि उजेड भरपूर पण थेट ऊन नाही, कारण झाकणाखाली उष्णता फार वाढते. याउलट सायक्लेमेन आणि फ्लॉक्सला अंधार हवा. सायक्लेमेनला १५ ते १८ अंशांचा गारवाही लागतो आणि महिना सहज जातो.

उष्णतेकडे फार कमी लोक बघतात. पॅन्झी आणि डेल्फिनियम २५ अंशांच्या वर रुजायला नाखूश असतात. अशा बिया गारव्याच्या दिवसांतच पेरा. डेल्फिनियम आणि जर्बेराचं बी लवकर शिळं होतं, ते ताजंच घ्या.

कोंब दिसले की झाकण रोज थोडं जास्त उघडायचं. कोंदट ओलीत बुरशी देठ जमिनीलगत कुजवते आणि रोपं रातोरात आडवी होतात.

आणि ट्रे टाकून द्यायचा विचार आलाच, तर आधी चिमट्याने एक बी उकरून दाबा. टणक असेल तर ते जिवंत असण्याची शक्यता आहे: परत पुरा, ओल राखा, थंडीचं बी असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. दाबल्यावर लगदा झाला आणि कुबट वास आला, तरच ते गेलं.