कर्ज फेडायला बसलात? आधी या चुका टाळा

मी बेळगावच्या शहापूरला राहते, घरीच शिवणकाम करते. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत आहे. एके काळी आमच्या घरात गटाचे (बायकांच्या गटाला एकमेकींच्या जामिनावर मिळणाऱ्या सूक्ष्मकर्जाचे) दोन आठवडी हप्ते, सोसायटीचं कर्ज, क्रेडिट कार्ड, जाऊबाईंकडून घेतलेले हातउसने आणि एका खाजगी सावकाराचे ३०,००० एवढी देणी एकदम होती. ती फेडायला आम्हाला चार वर्षं लागली. त्यातली दोन तरी वाया गेली, कारण पैसे देत होतो पण चुकीच्या क्रमाने. आता शेजारच्या बायका हिशेबाला येऊन बसतात आणि त्यांच्या वहीतही बहुतेक त्याच चुका दिसतात.

जिथे लाज जास्त, तिथे आधी

दिवाळीला शिलाईचे जादा पैसे आले की मी पहिल्यांदा जाऊबाईंचे द्यायची. त्या काही बोलायच्या नाहीत, पण प्रत्येक हळदीकुंकवाला समोर यायच्या आणि मला मान वर करवत नसे. उरलेलं गटाला, कारण तिथे मंगळवारी सगळ्यांसमोर नाव घेतलं जायचं. सावकार मात्र कधी दारात आला नाही. मीच जाऊन महिन्याचे १,५०० व्याज देऊन यायची. दोन वर्षांत त्याला ३६,००० गेले आणि मुद्दल होती तशीच, ३०,०००. जाऊबाईंच्या पैशाला एक रुपया व्याज नव्हतं!

हप्ते सगळ्यांचे ठरल्याप्रमाणे जायलाच हवेत. गटाचा हप्ता चुकला तर भुर्दंड शेजारणीला पडतो. पण त्यावर जे काही जास्तीचं हातात येईल, ते सगळं सर्वांत महाग कर्जाच्या मुद्दलात घाला. नातेवाईकांना सरळ सांगा. मी शेवटी जाऊबाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मी कधी मागितले असते काय गं? त्या सावकाराचं मिटव की." दोन वर्षं मी ज्या लाजेपायी व्याज भरलं, ती दहा मिनिटांत संपली.

टक्का कसला ते न विचारणं

बँक वर्षाचा टक्का सांगते, सावकार महिन्याचा. १२ आणि ५ असे दोन आकडे कानावर पडले की ५ स्वस्त वाटतो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. म्हणून सगळी देणी एकाच मापात, शेकडा दरमहा, लिहून काढा. सोसायटीचं १२ टक्के म्हणजे शेकडा एक. गटाचं २४ टक्के म्हणजे शेकडा दोन. कार्डाचं बहुधा शेकडा साडेतीनच्या आसपास. वहीत एवढं उतरलं की कोणतं आधी हे कोणाला विचारावं लागत नाही.

कुणी "फ्लॅट" व्याज म्हणालं तर थांबा. त्यात मुद्दल कमी होत गेली तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच लागतं. १०,००० वर १२ टक्के फ्लॅट, बारा मासिक हप्ते, तर प्रत्यक्ष दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

कार्डाचं किमान देय भरून निश्चिंत राहणं हीसुद्धा याच जातीची चूक. ४०,००० बाकी असेल तर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही पाच टक्के म्हणजे २,००० भरलेत तर बाकी कमी होते फक्त ३४८ ने. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. कार्ड कपाटात ठेवा.

कर्ज फेडायला कर्ज

नव्या गटातून उचलायचं आणि जुन्या गटाचा हप्ता भरायचा, हे आमच्या गल्लीत मी सर्वांत जास्त पाहिलं. दोनाचे चार हप्ते होतात आणि मूळ कर्ज तसंच राहतं. एक अपवाद मात्र मी स्वतः केला. दागिने सोसायटीत गहाण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी ३०,००० उचलले आणि त्याच दुपारी सावकाराचे मिटवले. महिन्याचं व्याज १,५०० वरून ३०० वर आलं आणि वाचलेले १,२०० दर महिन्याला मुद्दलात जायला लागले. जुनं खातं त्याच दिवशी पूर्ण बंद होणार असेल तरच हे करा. थोडे त्याला आणि थोडे घरखर्चाला असं झालं तर सोनंही जातं. गहाणाची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण लिलावाची नोटीस आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दुसऱ्याच्या गरजेला आपल्या नावावर कर्ज काढू नका. "तू फक्त सही कर, हप्ता मी भरते" या एका वाक्यावर मी तीन घरं बुडताना पाहिली. सही करणाऱ्या बाईच्या हाती त्यातले पाचशे रुपयेही आले नव्हते.

न वाचता येणाऱ्या कागदावर सही

आपल्या भागात हे विशेष. कर्जाचे कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात, आपण मराठी शाळेत शिकलेल्या बायका, आणि भरणा घ्यायला आलेला पोरगा घाईत असतो. सूक्ष्मकर्जाचा करारनामा आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. मागायला लाजू नका. त्याच नियमांत आणखी तीन गोष्टी आहेत. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. कर्जाबरोबर विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज देता येत नाही. म्हणजे घरातली बाकीची कर्जं लपवून नवं उचललं तर आपणच आपलं कुंपण तोडतो.

कोल्हापुरात किंवा गोव्यात घेतलेलं कर्ज बेळगावात दिसणार नाही, असंही काही जण समजतात. कुणी किती कर्ज घेतलं हे लिहून ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांच्या नोंदी देशभर एकच असतात. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा आणि न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का ते बघा.

मुंबईच्या बातमीवर हप्ता थांबवणं

आमच्याकडे टीव्ही मराठी. त्यावर कर्जमाफीची बातमी लागली की खानापूर, निपाणीकडच्या गावात कुणीतरी सोसायटीचा हप्ता थांबवतं. महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी जाहीर झाली, ती तिथल्या शेतकऱ्यांसाठी. आपली सोसायटी कर्नाटकाची. कर्नाटकानेही २०१७ आणि २०१८ मध्ये माफी दिली, पण अटी वेगळ्या होत्या. बातमी खरी असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आदेश येतो. तो येईपर्यंत भरत राहा.

यात तोटा मोठा आहे. कर्नाटकात सहकारी सोसायटीतून ५ लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं (२०२३ पर्यंत ही मर्यादा ३ लाख होती), पण वेळेवर फेडणाऱ्यालाच. तारीख चुकली की फुकटचं कर्ज व्याजाचं होतं. माझ्या माहेरी भाऊ नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलायला, आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा. एका वर्षी सोसायटीचं नवं कर्ज महिनाभर लांबलं आणि त्या आठ दिवसांचं व्याज पाच आठवडे चाललं. आता उसाचं बिल आलं की तो पहिल्यांदा सोसायटीपुरते पैसे बाजूला काढतो, आणि नवं कर्ज नक्की कुठल्या दिवशी खात्यात येईल हे विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं त्याने आठवडी हप्त्याचं कर्ज घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून बायकांना मिळणारे महिन्याचे २,००० सुद्धा हप्त्यात धरू नका. ते कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. आले की मुद्दलात घाला.

यात्रेचं कर्ज

गावची लक्ष्मी यात्रा अनेक वर्षांनी एकदा येते. पै-पाहुणे, मांडव, मटण, लेकीबाळींच्या साड्या. आईची यात्रा करू नका असं मी कधी म्हणणार नाही. पण यात्रा कधी येणार हे वर्ष-दोन वर्षं आधी ठाऊक असतं, आणि पैसे मात्र शेवटच्या महिन्यात शोधले जातात. आमच्या गावच्या यात्रेआधी आम्ही दोन वर्षं रोज ४० रुपयांची वेगळी पिग्मी (एजंट रोज येऊन घेतो ती छोटी बचत) भरली. २९,२०० जमले. पाहुणे थोडे कमी बोलावले, कर्ज एक रुपयाचं झालं नाही.

पिग्मी आपल्याकडे दुकानादुकानांत फिरते. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही सवय इथे चांगली मुरली आहे. पण तिच्यातही एक चूक होते. पिग्मीत २०,००० पडून, त्यावर व्याज नावापुरतं, आणि दुसरीकडे शेकडा पाचचं कर्ज चालू. अशा वेळी आजारपणाला ५,००० ठेवून बाकीची पिग्मी मोडा आणि कर्जात घाला. मुदतीआधी मोडली म्हणून थोडं कापतील, कापू देत.

हप्ता चुकलाच तर

फोन बंद करून घरात बसू नका. तारखेच्या आधी शाखेत जा, कारण सांगा, मुदत वाढवून मागा, अर्जाची पोच घ्या. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला मनाई आहे. शिवीगाळ, धमकीही चालत नाही. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर मराठीतही माहिती मिळते. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ साली कायदा केला आहे. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. त्या वेळी काही बायकांनी आता भरायला नको असा अर्थ काढला आणि त्यांची थकबाकी वाढली.

मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपने फोनमधले नंबर किंवा फोटो बघायची परवानगी मागितली तर ते काढून टाका. नियमाने त्यांना ती मागता येत नाही.

शेवटचा हप्ता भरून घरी जाणं

ही चूक आम्ही केली. सावकाराला पूर्ण पैसे दिले आणि आनंदात घरी आलो. कोरा चेक आणि सही केलेला बाँड त्याच्याकडेच राहिला. तो परत आणायला नवऱ्याला सात खेपा घालाव्या लागल्या. पैसे मोजायच्या आधी कागद टेबलावर मागा. एटीएम कार्ड ठेवून घेतलं असेल तर तेही. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्या. शेतीवर कर्ज असेल तर तो दाखला देऊन उताऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या, आणि महिन्याभराने नवा उतारा काढून बघा. माझ्या भावाच्या उताऱ्यावर फेडलेल्या कर्जाचा बोजा सहा वर्षं तसाच होता. विहिरीसाठी कर्ज मागायला गेला तेव्हा कळलं.