छोटा ट्रॅक्टर रस्त्यावर काढण्याआधी

आमचं घर राजापूर तालुक्यात, मळा खाली खाडीलगत, आणि मध्ये दोन किलोमीटर डांबरी रस्ता. त्यामुळे ट्रॅक्टर लहान असला तरी नंबर हवाच.

नवा घेतलात तर डीलरकडून फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (रस्तायोग्यतेचा) मागून घ्या. नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर. सोबत पत्त्याचा पुरावा, विमा, सातबारा. रत्नागिरी जिल्ह्याचा नंबर एमएच-०८. जुना घेतलात तर फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी नावावर करून घेण्याचे) विकणाऱ्याची सही पैसे देतानाच घ्या. माझ्या भावाला एका सहीसाठी चार महिने फिरावं लागलं.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. तिलाही नंबर आणि मागे लाल रिफ्लेक्टर लागतात. पावसाळी संध्याकाळी वळणावर माती लागलेली ट्रॉली मागच्याला दिसतच नाही, म्हणून मी रिफ्लेक्टर रोज पुसतो.

चिखलणीची लोखंडी चाकं मळ्यातच काढा, रबरी टायर चढवा, मगच डांबरावर या. दोन्ही ब्रेक पेडल खिळीने जोडा. एकाच चाकाला ब्रेक लागला तर घाटीत ट्रॅक्टर फिरतो.

चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. लावणीच्या बायकांना ट्रॉलीत किंवा मडगार्डवर कधीही बसवू नका. एका सीटच्या ट्रॅक्टरचा विमा त्यांना धरत नाही. आम्ही त्यांच्यासाठी रिक्षा सांगतो.