अंतरपाटाच्या आधी आणि नंतर: मामाचं नवरदेवाला सांगणं

चार भाच्यांच्या पाठीशी मी मामा म्हणून बोहल्यावर उभा राहिलो. पाचवा, सगळ्यात धाकटा, येत्या वैशाखात उभा राहील. त्याच्यासाठी लिहितोय, पण ज्याच्या डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या आहेत अशा कुणीही वाचावं.

आधी वेळ. थोरल्याच्या लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. मारुतीचं दर्शन घेऊन मिरवणूक निघाली आणि डीजेपुढे अडकली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा दोन वाजत आले होते. मांडवात म्हाताऱ्या बायका अक्षता मुठीत धरून बसलेल्या, घामाने तांदूळ तळहाताला चिकटलेले. मुलीचे वडील लॉन्सच्या फाटकाशी उन्हात उभे. ते कुणाला बोलणार? मुलीची बाजू. मी दोनदा पोरांना सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. घोड्यावरून भाच्याने एकदा हात वर केला असता, तर सगळे थांबले असते. त्या दिवशी नवरदेवाचा शब्द कुणी मोडत नाही, आणि तो शब्द वापरणं हेच तुझं पहिलं काम.

म्हणून हळदीच्या रात्रीच मित्रांना जवळ बसवून सांग: मारुतीपासून साडेअकराला हलायचं, १२ला फाटकात. नाचायचंय त्यांनी वरातीत नाचावं. डीजेवाल्यालाही हीच वेळ तूच सांग. पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं अक्षता पडल्यावर होतील, हे वडिलांशी आधी ठरव. ऐन वेळी स्टेजवर माईक कुणाच्या हातातून काढून घेता येत नाही. आपल्या नाशकात सिडकोतून संभाजीनगर रोडच्या लॉन्सला जायचं आणि तिथी दाट असेल, तर द्वारका चौकातल्या गर्दीचा अर्धा तास जास्तीचा धर.

मारुतीपाशी मुलीकडचे पोशाख घेऊन येतात. तो हसून घे. तिथे अंगठीसाठी, गाडीसाठी रुसून बसायची रीत कुणी कानात सांगेल, ती ऐकू नकोस. हुंड्याला कायद्याने १९६१पासून बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. मानपानावरून आपल्याकडचं कुणी फुगलं, तर मला खूण कर, मी समजूत घालीन. मात्र 'आम्हाला काही नको' हे तुझ्या तोंडून यायला हवं.

सकाळी पोटभर खा. आपल्याकडे अक्षता पडल्या की पंगती सुरू होतात, मग फोटो, आणि विधींना बसेपर्यंत तीन वाजतात. फेटा, शेरवानी आणि वैशाखातलं ऊन. दुसऱ्या भाच्याला लाजाहोमाच्या धुरात चक्कर आली होती. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाठराख्याजवळ ठेव. तिलाही विचार, 'काही खाल्लंस का?' नवरीला ते कुणी विचारत नाही. घोड्यालाही पाणी पाजायला लाव.

मंगळसूत्र आणि जोडवी एकाच माणसाकडे, शक्यतो ताईकडे. कान पिळायला साळा येईल, त्याचं पाकीट शेरवानीच्या खिशात आधीच असू दे. हातातली कट्यार लिंबू खोचूनच धर, टोक मोकळं ठेवू नकोस. अंतरपाट दूर झाला की पहिल्यांदा तिच्याकडे बघ, कॅमेऱ्याकडे नंतर.

सप्तपदीला मांडव रिकामा झालेला असतो, पोरं खुर्च्या गोळा करत असतात. म्हणून ती उरकायची नसते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात स्पष्ट आहे: जिथे सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. गुरुजींना आदल्या दिवशीच विनंती कर, 'प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगा.' तिसऱ्या भाच्याने हे केलं होतं. तेव्हा मुलीची आजी पंगतीतून उठून ऐकायला आली.

गुरुजींना पुढच्या लग्नाची घाई असते. ते निघण्याआधी नोंदणीच्या अर्जावर त्यांची सही घे. तीन साक्षीदारांच्या सह्याही त्याच वेळी. पत्रिकेच्या दोन प्रती आणि दोघांचा एक नीट फोटो जपून ठेव. ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते, आणि नंतर गुरुजींना शोधत फिरण्यात सुट्ट्या जातात.

पाठवणीला घाई करू नकोस. आपल्याकडचे 'चला, उशीर होतोय' म्हणतील, म्हणू देत. तिच्या आईवडिलांच्या पाया पड, आजीजवळ दोन मिनिटं बस. गाडीत ती रडत असेल तर समजावत बसू नकोस, पाण्याची बाटली दे. घरी माप ओलांडून झालं, देवाला नमस्कार झाला, की तिच्या आईचा फोन यायच्या आत तू स्वतः फोन लाव. 'आई, पोहोचलो' एवढं सांग आणि फोन तिच्याकडे दे.