पेटी बंद केल्यावर

गाण्याच्या विशारद परीक्षेत प्रथम श्रेणी मिळाली तेव्हा मी २१ वर्षांची होते आणि मला तंबोरा लावता येत नव्हता. आज बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळहून मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्यातल्या तिघीचौघींना गाणं हेच आयुष्यभर करायचं आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. राग, ताल, परीक्षांच्या पायऱ्या हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत. आप्पांचे दोन यंत्रमाग, शेजारच्या काकांचे चार. सकाळी सातला ते सुरू झाले की रात्री जेवायच्या वेळेपर्यंत खडखड चालायची. त्या आवाजात तंबोरा ऐकूच येत नाही. ऐकू येते ती पेटी. म्हणून मी पेटी घेऊन बसायचे, भाता जोरात मारायचे आणि पेटीच्या आवाजावर आवाज ठेवून गायचे. ज्या क्लासात मी नववीपर्यंत शिकले तिथेही तेच. एका खोलीत तीस मुलं, एक पेटी, आणि सर प्रत्येक सूर आधी वाजवून दाखवायचे. त्यांच्यामागून आम्ही म्हणायचो. आलाप पेटीवर, ताना पेटीवर, परीक्षेतही पेटी साथीला. पुढच्या सगळ्या परीक्षा मी तशाच दिल्या, सात-आठ वर्षं. कुणालाही, मला तर नाहीच, काही चुकतंय असं वाटलं नाही.

मग मी धारवाडला एका गुरुजींकडे गेले. बेळगावहून एसटीनं दोन तास. कन्नड बोलणारे, मराठी मोडकं. त्यांनी यमन म्हणायला सांगितला. माझा हात सवयीनं पेटीकडे गेला. "पेटी बंद माडव्वा," ते म्हणाले आणि भाता मिटून त्यांनीच खिट्टी लावली. त्यांची एक ज्येष्ठ शिष्या तंबोरा छेडत होती. मी आलाप सुरू केला. दोन-तीन मिनिटांनी गुरुजींनी तिला हातानं थांबवलं आणि मला गात राहायची खूण केली. मी डोळे मिटून गात राहिले, रंगले असंच मला वाटत होतं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तंबोरा छेडायला लावला. माझा षड्ज, म्हणजे सा, आणि तंबोऱ्याचा षड्ज यांत जवळजवळ अर्ध्या सुराचं अंतर पडलेलं होतं. ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. मलाही. गुरुजी रागावले नाहीत. "उद्यापासून षड्ज," एवढंच म्हणाले. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी कित्तूर येईपर्यंत रडत होते.

हे का होतं ते सविस्तर सांगते, कारण हेच सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. गळा त्याला जाऊन चिकटतो. चिकटताना तो थोडा खाली-वर असला तरी पेटीचा आवाज ती फट भरून काढतो, आणि आपल्याला वाटतं आपणच सुरात आहोत. सूर शोधायचं काम कानाचं. इथे ते बोटं करून टाकतात. वर्षानुवर्षं कानाला काम नसलं की तो आळसावतो. पेटी काढली की आधार जातो, आणि आलाप जसजसा खाली उतरतो तसतसा षड्जही खाली सरकतो. गाणाऱ्याला ते कळत नाही. ऐकणाऱ्याला "गोड आहे, पण कुठेतरी काहीतरी" एवढंच जाणवतं.

दुसरी गोष्ट गंधाराची, म्हणजे ग या सुराची. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. भूप किंवा यमन पेटीवर घोटलेला असेल तर तोच चढा गंधार गळ्यात बसतो आणि तंबोऱ्यावर टोचतो. माझा टोचायचा. तो खाली आणायला मला दीड वर्ष लागलं.

तुमची परीक्षा तुम्हीच घेऊन बघा. मोबाईलवर तंबोरा लावा, यमनचा आलाप सुरू करा. तीन मिनिटांनी तंबोरा बंद करा, आणखी तीन मिनिटं गा, मग पुन्हा लावा. हे सगळं दुसऱ्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. षड्ज घसरलेला निघाला तर घाबरू नका. बहुतेकांचा घसरतो, आणि हे सुधारतं. पण घसरतोय हे कळूनही पेटीवर ताना घोटत राहिलात तर पुढची दहा वर्षं वाया जातील हे स्पष्ट सांगते.

पेटीशी माझं वैर नाही. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, ती मला कधीच पटली नाही. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकलेलं हे गाव आहे. पेटी साथीला असावी, गळ्याच्या मागून यावी. शिकताना ती गळ्याच्या पुढे चालली की घात होतो. माझ्या मुलांना मी पेटीवर फक्त षड्ज देते आणि भाता मिटते.

मग खरा तंबोरा. मोबाईलवरचा वाईट नाही, मीही प्रवासात तोच वापरते. पण आठवड्यातून एकदा तरी स्वतः तारा लावायला बसा. आधी मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जाला लावायच्या तारा. दोन्ही छेडल्यावर आवाज हेलकावे खात असेल तर अजून लागलेल्या नाहीत. हेलकावा लांबत लांबत थांबला की लागल्या. खुंटीनं जवळ आणा, बाकीचा बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यानं काढा. मणी खाली सरकवला की तार चढते. मग पहिली तार पंचमाला, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. रागात पंचम वर्ज्य असेल, म्हणजे लागतच नसेल, तर पहिली तार बदलते, मालकंसाला मध्यम, मारव्याला निषाद. जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिची घासणी, जमली असेल तर खर्जाच्या तारेतून एक गंधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. मला तो पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला तो एका पावसाळी पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी, आणि मी आईला उठवून आणलं होतं. आपल्या पावसात खुंट्या फुगतात, जवारी बिघडते. तेव्हा मिरजेला जाऊन तंबोरा करणाऱ्यांच्या दुकानात दोन तास बसा. ते घोडी घासताना, दोरा सरकवताना जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच क्लासात मिळत नाही.

मिरजेची गाडी बेळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात सुळेभावी लागतं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव, १९२४ सालचं. गाडीत झोपलेल्या मुलीला मी नेहमी उठवून ते स्टेशन दाखवते. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. गुरू गावात नसेल तर गाडी पकडायची, हे आपल्या भागात नवीन नाही. ऑनलाइन शिकवण्या घ्या, पण महिन्यातून एकदा तरी गुरूसमोर बसा. पडद्यापलीकडून कुणी तुमचा भाता मिटत नाही.

गुरूबद्दल माझं एक ठाम मत आहे, कुणाला रुचो न रुचो. जो गुरू "दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस" म्हणतो त्याच्याकडे जास्त दिवस थांबू नये. थोर गायक मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली घराण्याची. गुरू बदलणं म्हणजे गद्दारी नाही. मात्र दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही, हेही मी पाहिलं आहे.

पैशाचं. आप्पा विचारायचे, "गाण्यानं पोट भरतंय काय गं?" पहिली आठ वर्षं भरलं नाही. दोन शाळांत तासिका, घरी शिकवण्या, गणपतीत आणि आषाढीला अभंगांचे कार्यक्रम, यांवर घर चाललं. नुसत्या ख्यालावर आमच्याकडे कुणाचंच चालत नाही, आणि अभंग गाण्यात कमीपणा मानू नका. वचनं आणि दासरपदं ही कन्नड भक्तिपदंही शिका, उच्चार कन्नड माणसाकडून तपासून घ्या. खानापूरला अभंगाला बोलावतात, बैलहोंगलला वचनाला. दोन्ही येत असेल तर महिन्याची बैठक चुकत नाही. वय १८ ते २५ असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. नोकरी करायची असेल तर आधी ठरवा कर्नाटकात की महाराष्ट्रात, आणि त्या भरतीच्या जाहिरातीत कुठली पदवी मागतात ते वाचूनच परीक्षा निवडा. आम्ही सीमेवरची मुलं इथे हमखास फसतो. आकाशवाणीच्या स्वरचाचणीला मी पहिल्यांदा नापास झाले, चार वर्षांनी बी श्रेणी मिळाली. मधल्या काळात मी दुसरं काही केलं नाही, रोज पहाटे पाचला षड्ज लावला.

आणि आवाज. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांचा फुटतो, मुलींचाही बदलतो, जड होतो. त्या काळात गायची पट्टी (सा) खाली घ्या, जोर लावू नका, गाणं बंदही करू नका. किती मुलींना घरच्यांनी "हिचा आवाज गेला" म्हणून क्लासातून काढलं! गंगूबाईंचा आवाज घशाच्या उपचारानंतर पार भरदार झाला आणि त्याच आवाजात त्या म्हातारपणापर्यंत गायल्या. बसलेला आवाज महिन्याभरात सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठमध चघळत वाट बघू नका. मी बघितली होती, आणि सहा महिने गमावले.

परवा सकाळी सहाला माझ्याकडची अकरा वर्षांची मुलगी भूप गात होती. मी षड्ज दिला, भाता मिटला, तंबोरा छेडत बसले. पुढची तान कठीण होती. ती अडखळली तेव्हा माझा हात पेटीकडे गेला, इतक्या वर्षांनीही जातो. मी तो मांडीखाली घेतला. ती दोनदा खाली आली. तिसऱ्या वेळी मधेच थांबली, तंबोऱ्याकडे कान केला आणि म्हणाली, "बाई, उतरलो की मी." मग तिनं स्वतःच षड्ज पुन्हा लावला. पलीकडच्या घरात माग सुरू व्हायला अजून तासभर होता.