'अ‍ॅलिस, स्वीट अ‍ॅलिस' नीट कसा पाहावा

आल्फ्रेड सोल यांचा हा १९७६ चा भयपट आधी 'कम्युनियन', मग 'अ‍ॅलिस, स्वीट अ‍ॅलिस' आणि पुढे 'होली टेरर' नावाने फिरला. म्हणून शोधताना तिन्ही नावं टाका. लांबी सुमारे १०७ मिनिटं. फारच कमी दिसली तर कापलेली प्रत समजा.

फुकटात मिळणाऱ्या प्रती बहुधा चौकोनी, काळपट असतात. त्यात जिन्यावरचा हल्ला म्हणजे नुसता अंधार. मूळ निगेटिव्हवरून केलेली रुंद चौकटीची प्रत घ्या. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा आणि ब्राइटनेस वाढवू नका. खोलीतले दिवे मालवा.

कथा १९६१ च्या पॅटरसन, न्यू जर्सीतली. पहिल्या कम्युनियनच्या (कॅथलिक मुलं पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या विधीच्या) दिवशी चर्चमध्येच धाकट्या कॅरनचा (ब्रूक शील्ड्सचं पदार्पण) खून होतो आणि संशय तिच्या बारा वर्षांच्या बहिणीवर, अ‍ॅलिसवर जातो. वसई-गोव्यातल्या कॅथलिक प्रेक्षकांना विधी सांगायला नको. इतरांनी एवढं ध्यानात ठेवा: पांढरा पोशाख, डोक्यावर व्हेल (पातळ पांढरी ओढणी), जिभेवर ठेवला जाणारा प्रसाद. कॅरनची व्हेल नंतर कुणाच्या डोक्यावर दिसते, तिकडे लक्ष असू द्या.

पिवळा रेनकोट दिसला की लगेच खुन्याचं नाव ठरवू नका. तसाच रेनकोट अ‍ॅलिसकडेही आहे, आणि दिग्दर्शक नेमका तिथेच चकवतो. मावशीचं बोलणं मात्र कान देऊन ऐका. बारा वर्षांची मुलगी साकारणारी पॉला शेपर्ड तेव्हा एकोणीसची होती, पडद्यावर पटत नाही!

शेवट आधी वाचू नका. लहान मुलांसोबत तर बघूच नका.